चेहऱ्यावरून पुसलेला माणूस

काही चित्रे समोर उभे राहिल्याबरोबर एका नजरेत मावतात. एडविन लँडसिअरचे ‘मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस’ तसे मावत नाही. त्याने कॅनव्हासच तसा घेतला आहे. उंची जेमतेम तीन फूट, म्हणजे ९१.४ सेंटिमीटर, रुंदी मात्र २४३.७ सेंटिमीटर, चांगली आठ फूट. एवढ्या लांबट पट्टीवर नजरेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावे लागते, आणि चालायचे असते बर्फावरून. आधी दिसतो निळसर-हिरवट बर्फ. मग त्यात काहीतरी पिवळट, जिवंत. मग एक लाल चिंधी. मग आडवे पडलेले एक लांब लाकूड, ज्या मुलखात झाडच उगवत नाही तिथे. आणि सगळ्यांत शेवटी, पुष्कळदा नजरेच्या दुसऱ्या फेरीत, बरगड्या. इथे कुणी ओरडून आपल्याला घाबरवत नाही. आपण आपल्या पायांनी त्या जागी पोचतो, आणि पोचल्यावर कळते की कुठे आलो. भय रंगवणारे चित्रकार पुष्कळ झाले. भय जरा उशिरा पोचावे म्हणून कॅनव्हास लांबवणारा विरळा.

हकीकत थोडक्यात सांगायला हवी. १९ मे १८४५ रोजी सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन इंग्लंडहून निघाले. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फातून पॅसिफिकला जाणारी वाट शोधायची होती. तीन वर्षे पुरेल इतका शिधा होता, वाफेची इंजिने होती, वाचायला ग्रंथालय होते. बर्फात शिरलेल्या १२९ जणांपैकी एकही परतला नाही. वर्षानुवर्षे शोध चालला. १८५९ मध्ये शोधाला गेलेला मॅक्लिंटॉक किंग विल्यम बेटावरून बातमी घेऊन आला. घसरगाडीवर चढवलेली एक होडी सापडली होती. तिच्यात दोन सांगाडे, आणि त्यांच्या सोबतीला चांदीचे चमचे, रेशमी रुमाल, पुस्तके. त्यानंतर पाच वर्षांनी, १८६४ साली, लँडसिअरने हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लावले. शीर्षक एका जुन्या लॅटिन वचनाचे : माणूस योजतो, देव ठरवतो. आपल्याकडे माणसाच्या मनात एक आणि देवाच्या मनात दुसरेच असते म्हणतात, तेच. गंमत अशी की शीर्षकातले दोघेही चित्रात दिसत नाहीत. माणसाची फक्त हाडे आहेत, देवाचे आभाळ आहे ते मुके आहे, आणि मधल्या जागेत दोन पांढरी अस्वले आपापल्या कामात आहेत. शीर्षकाने ज्यांना बोलावले त्यांना गैरहजर ठेवून चित्राने ते शीर्षक खरे केले आहे.

या चित्राची खरी धार कळायला मात्र लँडसिअर कोण होता हे माहीत असावे लागते. १८०२ चा जन्म. वयाच्या तेराव्या वर्षी त्याची चित्रे अकॅडमीत लागली. हेडन या चित्रकाराने त्याला प्राण्यांची शवे फाडून, स्नायू आणि सांधे समजून घेऊन काढायची शिस्त लावली. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन निरनिराळी चित्रे रेखाटून दाखवण्याची त्याची करामत लंडनच्या दिवाणखान्यांत प्रसिद्ध होती. राणी व्हिक्टोरियाचा तो लाडका. आणि लोकांचा लाडका झाला तो एका विशिष्ट देणगीमुळे : प्राण्याच्या चेहऱ्यावर त्याला माणूस काढता येई. १८३७ सालच्या एका चित्रात मेंढपाळाच्या शवपेटीवर हनुवटी टेकून बसलेला कुत्रा आहे. त्या कुत्र्याला जे दुःख झाले आहे ते आपल्या घरातल्या कुणालाही झाले असते तसेच. कातडीखाली हाडामासाचा अस्सल पशू, आणि डोळ्यांत तुमच्याआमच्यातला कुणीतरी. हा त्याचा गुण, आणि पुढे पुढे हाच त्याचा दोष. हुकमी अश्रू काढणारा म्हणून त्याला नावे ठेवली गेली ती उगीच नव्हेत. अशा माणसाने बासष्टाव्या वर्षी दोन अस्वले रंगवताना त्यांच्या चेहऱ्यावरून माणूस पुसून टाकला. सगळी हयात जी किल्ली वापरली ती त्याने या एका दारापाशी खिशातून काढलीच नाही, आणि दार उघडले ते त्यामुळेच.

आता चित्राची बांधणी पाहू. दोन अस्वले, दोन बाजूंना. मधे मोडून पडलेली डोलकाठी आणि जहाजाच्या निशाणाचे लक्तर. जरा मागे सरून, तपशील विसरून, नुसती आकारांची ठेवण पाहिली तर ती ओळखीची वाटू लागते. दोन बाजूंना दोन पशू आणि मधे मानाची वस्तू, ही मांडणी राजचिन्हाची. ब्रिटनच्या राजचिन्हात एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा, आणि दोघांनी मिळून सावरलेली मधली ढाल. तिथले पशू राज्याचे चाकर असतात, दोन पायांवर उभे राहून ढालीला आधार देतात. इथल्या पशूंना कुणी नोकरीवर ठेवलेले नाही. ते चार पायांवर आहेत आणि मधल्या मानाच्या वस्तूचे तुकडे करत आहेत. लँडसिअरने हे विडंबन योजून केले की राणीच्या दरबारात वावरणाऱ्याच्या हातून ते आपसूक उतरले, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. साम्राज्याच्या सर्वांत ओळखीच्या आकृतीलाच त्याने बर्फावर आडवे केले आहे. तेही असे की आकृती न ओळखणाऱ्यालाही काहीतरी उलटेपालटे झाल्याची बोच लागावी.

निशाण फाडणारे अस्वल आधी घेऊ. त्याच्या तोंडी लागलेले कापड लाल आहे, ब्रिटिश जहाजावरच्या लाल निशाणाचे. सबंध चित्रात रंग थंड घराण्यातले : निळा, राखाडी, शेवाळी हिरवा. त्यांत ऊब असलेला भडक रंग एवढाच. चित्रकलेचा साधा हिशेब असा की थंड रंगांच्या पसाऱ्यात एक उष्ण ठिपका ठेवला की नजर तिकडे धावते. लँडसिअर या हिशेबाशी खेळतो. बर्फात लाल दिसले की मन म्हणते, रक्त. जवळ गेल्यावर कळते की कापड आहे. सुटलो असे वाटते, आणि मग लक्षात येते की जिथे रक्त असायला हवे होते तिथे ते नाही, कारण सांडायला आता काही उरलेलेच नाही. हे सारे केव्हाच घडून गेले आहे. अस्वल कापडाशी झटते आहे ते कुठल्या रागाने नव्हे; खाण्याजोगे आहे की नाही हे तोंडाने तपासणारे ते जनावर. राष्ट्राचे निशाण त्याला लागेल तसे : दातात अडकणारे, बेचव. रक्ताचा एक थेंबही न काढता रक्ताची आठवण करून देणारा हा लाल, मला या चित्रातला सर्वांत कसलेला रंग वाटतो.

पांढऱ्यावर पांढरे रंगवणे ही चित्रकाराची जुनी परीक्षा. अस्वल पांढरे, बर्फ पांढरा; मग जनावर बर्फातून सुटे कसे करायचे? काळ्या रेषेने बांधले तर ते कापून चिकटवल्यासारखे दिसणार. लँडसिअर रेषेकडे वळत नाही. तो पांढऱ्याची दोन घराणी करतो. बर्फाच्या पांढऱ्यात निळा आणि हिरवा, अस्वलाच्या पांढऱ्यात पिवळा आणि गेरू. अस्वलाची लव जुन्या हस्तिदंतासारखी, किंचित मळकी, तेलकट होते. पांढरी अस्वले असतातही तशीच, पिवळसर. म्हणजे जी गोष्ट चित्राला हवी तीच निसर्गात खरी निघाली. आणि मग या रंगाला अर्थ येऊ लागतो. मळका पिवळा हा वापरलेल्या, जगलेल्या गोष्टींचा रंग असतो : जुने कापड, जुने दात, जुनी हाडे. अस्वलांची लव आणि माणसांची हाडे यांची रंगछटा जवळजवळ एकच आहे. खाणारा आणि खाल्ला गेलेला एका घराण्यातले, आणि दोघांच्या भोवती परका, निळा बर्फ. एवढे नाते त्याने शब्दाशिवाय, नुसत्या गेरूच्या चिमटीने जुळवले आहे.

आता दुसरे अस्वल. याने मान वर उचलली आहे आणि जबड्यात बरगडी धरली आहे. ज्यांनी लँडसिअरचे ‘द मोनार्क ऑफ द ग्लेन’ पाहिले असेल त्यांना या मानेपाशी थबकावे लागेल. १८५१ सालचे ते चित्र आज एडिंबरोत आहे : स्कॉटलंडच्या डोंगरात धुक्यातून वर आलेला बारा टोकांच्या शिंगांचा सांबरराजा. खालून वर पाहिल्यासारखी योजना, ताठ मान, ओलसर नाकपुड्या, नजर दूर कुठेतरी. रोमँटिक चित्रकलेला रानातल्या जनावरात जे दिसे ते सगळे त्या मानेत आहे : अभिमान, एकांत, कुणाचाही नसलेला राजा. पुढे व्हिस्कीच्या जाहिरातींनी त्याला घरोघर पोचवले. तेरा वर्षांनी तोच हात पुन्हा एका रानटी जनावराची मान वर उचलतो. उचलण्याची ऐट तीच. फरक एवढाच की सांबराने मान उचलली ती क्षितिज पाहायला आणि अस्वलाने उचलली ती घास नीट गिळता यावा म्हणून. कुत्र्याला हाड चघळताना पाहिलेल्या कुणालाही हे समजेल. कडक तुकडा दाढेखाली घ्यायचा तर डोके असेच वर करावे लागते. उदात्ततेची आपलीच मुद्रा घेऊन तिच्यातून उदात्तता अशी अलगद काढून घेणे, हे आपल्या कलेवर इतका ताबा असलेल्यालाच जमते.

आणि डोळे. लँडसिअरच्या प्राण्यांना आपण डोळ्यांवरून ओळखतो. ते पाणावलेले असतात, आपल्याकडे काही मागतात. इथे दोन्ही अस्वलांपैकी एकही आपल्याकडे पाहत नाही. डोळे बारीक, चेहऱ्याच्या रचनेत बिनमहत्त्वाचे; सारा जीव जबडा, मान आणि पंजे यांत ओतलेला. ती क्रूर दिसत नाहीत, हेही सांगायला हवे. क्रौर्य ही पुन्हा माणसाचीच भावना झाली असती. ती दिसतात फक्त गुंतलेली, कामात असलेली. दुसऱ्याचे दुःख समोर असताना जेवणारा माणूस आपल्याला निर्दय वाटतो. पण जेवणाऱ्याला ते दुःख आहे हेच ठाऊक नसेल तर त्याला काय म्हणायचे? या प्रश्नापाशी आणून सोडणारे डोळे रंगवायचे म्हणजे काहीच न रंगवण्याचे कौशल्य हवे, आणि ते इथे काठोकाठ आहे.

आपल्या रसशास्त्राची एक संज्ञा इथे फार उपयोगी पडते : आश्रय. रसनिष्पत्तीच्या मांडणीत ज्याच्यामुळे भाव जागतो ते आलंबन, भाव वाढवणारी परिस्थिती ते उद्दीपन, आणि ज्याच्या ठायी तो भाव जागतो तो आश्रय. त्याची थरथर, घाम, किंकाळी हे अनुभाव. या फूटपट्टीने रोमँटिक चित्रकारांची रानटी जनावरे मोजून पाहा. जॉर्ज स्टब्सने १७६२ पासून पुढे पुन्हा पुन्हा रंगवलेला, घोड्यावर झडप घालणारा सिंह घ्या : भय घोड्याच्या डोळ्यांत आणि ताणलेल्या मानेत आहे, आश्रय घोडा. देलाक्रवाच्या १८५५ च्या सिंहाच्या शिकारीत माणसे, घोडे, सिंह एका भोवऱ्यात गुंतले आहेत; तिथे तर ज्याला त्याला भावनेचा उमाळा आहे. शवपेटीवरचा लँडसिअरचा कुत्रा म्हणजे मूर्तिमंत आश्रय. प्रस्तुत चित्रात आलंबन आहे : हाडे, अस्वले. उद्दीपन आहे : बर्फ, संधिप्रकाश. भयानकाची, बीभत्साची, करुणाची सगळी सामग्री मांडून ठेवली आहे. नाही तो आश्रय. चौकटीत कुणी भीत नाही, कुणी रडत नाही, कुणी तोंड फिरवत नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे, आणि रिकामी जागा चित्रासमोर उभ्या असलेल्या माणसाने भरायची आहे. अस्वलांच्या चेहऱ्यावरून पुसलेला माणूस असा कॅनव्हासच्या बाहेर, आपल्या रूपाने येऊन उभा राहतो. लँडसिअरने रसविचार मांडणाऱ्या भरतमुनीचे नाव ऐकले नसेल. पण आश्रय वगळून रस कसा वाढवावा, याचा धडा त्याच्याइतका स्वच्छ मी क्वचितच पाहिला आहे.

मागच्या बर्फाकडेही एकदा पाहावे. जर्मनीच्या कास्पार डेव्हिड फ्रीडरिशने १८२३-२४ मध्ये असाच एक ध्रुवप्रदेश रंगवला होता. हॅम्बुर्गला आहे तो. तिथे बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून टोकदार मनोरा झाला आहे आणि त्याच्या कुशीत चिरडलेल्या जहाजाचा जरासा भाग दिसतो. त्या चित्राचा नायक बर्फच. लँडसिअरचा बर्फ नायक व्हायचे नाकारतो. तो मागे कड्यांसारखा उभा राहतो, नाटकाच्या पडद्यासारखी पाठ देतो आणि खालच्या दोघांना पुढची अरुंद जागा मोकळी करून देतो. त्यामुळे लांबट कॅनव्हास लांबट रंगमंचासारखा वाटू लागतो. फ्रीडरिशपाशी निसर्ग भव्य आहे म्हणून माणूस हरला, असे म्हणून मनाचे समाधान तरी करता येते. इथे तेवढीही सोय नाही. भव्य ते मागे राहिले; पुढे चालले आहे ते फक्त चघळणे.

पुढच्या बाजूला एक दुर्बीण पडली आहे. प्रचारकी चित्रकार असता तर त्याने ती मधोमध, उजेडात ठेवली असती. लँडसिअरने ती इतर पसाऱ्यात पसाऱ्यासारखीच टाकली आहे. दुर्बीण म्हणजे लांबचे जवळ पाहायचे साधन. नवी वाट दुरूनच दिसावी म्हणून ती नेली होती, आणि आता ती बर्फावर अशी पडली आहे की तिच्यातून कुणीही, कधीही काही पाहणार नाही. अस्वलांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही, कारण ती खाता येत नाही. निशाण निदान चावून तरी बघितले गेले. ज्ञानाच्या साधनाच्या वाट्याला तेवढीही विचारपूस आली नाही. हा विनोद आहे, काळाकुट्ट असला तरी विनोदच, आणि तो इतक्या हळू आवाजात सांगितला आहे की ऐकू येण्यासाठी कान नव्हे, डोळे टवकारावे लागतात.

चित्रात आणखी एक गोष्ट आहे, जी रंगवलेली नाही. १८५४ मध्ये जॉन रे या शोधप्रवाशाने इनुइट लोकांकडून ऐकलेली हकीकत लंडनला पोचवली होती : शेवटी शेवटी फ्रँकलिनच्या उपाशी खलाशांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले. लंडन हादरले. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकातून ते साफ अमान्य केले आणि सांगणाऱ्या इनुइटांवरच संशय घेतला. पुढे विसाव्या शतकात हाडांवर सुऱ्यांच्या खुणा सापडल्या आणि इनुइट खरे ठरले. १८६४ च्या प्रेक्षकाला हा वाद चांगला ठाऊक होता. अशा वेळी लँडसिअर माणसाची बरगडी अस्वलाच्या दाढेत देतो. हा सभ्यपणा म्हणायचा, की न बोलता केलेले बोट दाखवणे? मला दोन्ही एकदम दिसते. अस्वल तिथे आहे म्हणून प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकू शकतो. आणि बरगडी तिथे आहे म्हणून तो श्वास पुरता सोडता येत नाही. फ्रँकलिनच्या विधवेला हे चित्र झोंबले यात नवल नाही. झाकण आणि उघड एकाच फटकाऱ्यात साधणारा कुंचला तिला क्षमा करण्याजोगा वाटला नसणारच, आणि आपल्याला तो विसरण्याजोगा वाटत नाही.

१८८१ मध्ये गोळ्या आणि मलमे विकून गडगंज झालेल्या टॉमस हॉलोवेने हे चित्र ६,६१५ पौंडांना घेतले आणि स्त्रियांसाठी उभारलेल्या आपल्या कॉलेजच्या चित्रदालनात लावले. लंडनजवळ एगम येथे ते अजून तिथेच आहे. त्या दालनात विद्यार्थी परीक्षेला बसतात. या चित्रासमोर बसणारा नापास होतो, वेडा होतो, अशी वदंता तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणून १९७० च्या दशकापासून परीक्षेच्या दिवसांत चित्रावर एक मोठे कापड टाकतात. कापड कुठले? ब्रिटनचे राष्ट्रीय निशाण, युनियन जॅक. आत दातांनी फाटलेले निशाण, बाहेर इस्त्री केलेले अखंड निशाण, आणि त्यापुढे मान खाली घालून उत्तरपत्रिका लिहिणारी मुले. अंधश्रद्धा म्हणून हसावेसे वाटते खरे. पण चौकटीत कुणीही तोंड फिरवत नाही, असे आपण मघाशी म्हटले होते. ते तोंड फिरवणे इथे दीडशे वर्षांनीही चालू आहे. लँडसिअरने चित्रातून वगळलेला अनुभाव दर परीक्षेला कुणीतरी शिडीवर चढून, चार कोपरे नीट ओढून, त्याच्यावर पांघरून जाते.